बेलभंडारा न उचलणारा हिशेबनीस: सोलापुरातल्या एका भिशीचे प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत घडलेली ही गोष्ट आहे. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. भिशी, बचत गट, पतपेढी यांचे काम करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. वाद सुरू झाला पैशांवरून, पण दोन दिवसांत तो वेगळ्याच प्रश्नावर येऊन ठेपला: जो देव मानत नाही, त्याच्या शब्दाला तारण काय?

पार्श्वभूमी

गल्ली विडी कामगारांची. दुपारी कोणत्याही ओट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. निम्म्या घरांत तेलुगू, बाकीच्यांत मराठी, कन्नड, उर्दू. भांडण मात्र सगळे मराठीत करतात. पुरुष यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात, नाहीतर रिक्षावर.

भिशी बायकांची. चोवीस जणी, महिन्याला हजार रुपये, दहा तारखेला चिठ्ठी. जिला भिशी लागेल तिला २४,००० रुपये. पैसे अक्कांच्या घरी पत्र्याच्या पेटीत राहत. अक्का साठीच्या, सोलापूरच्या बाळे भागातल्या खंडोबाच्या भक्त, गल्लीतल्या कुणाच्याही बाळंतपणाला आधी पोचणाऱ्या. पेटीच्या किल्ल्या दोन. एक अक्कांकडे, दुसरी मामांकडे.

मामा भिशीत सभासद नव्हते, वही तेवढी लिहायचे. शहरातल्या एका गिरणीत ते जॉबर होते. गिरणी बंद पडली तेव्हापासून माग दुरुस्तीची कामे करत. तरुणपणी युनियनमध्ये होते. तिथल्याच एका तेलुगू मंडळींच्या बैठकीत त्यांनी गोरांविषयी ऐकले. गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे गोरा, हे आंध्रातले निरीश्वरवादी कार्यकर्ते. १९४० साली त्यांनी नास्तिक केंद्र काढले, ते पुढे विजयवाड्याला आले. देव न मानता अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्यभर राबलेला आणि गांधीजींशी मोकळेपणाने वाद घालणारा हा माणूस मामांच्या मनात बसला. तेव्हापासून मामा देव मानत नाहीत आणि त्याचा गाजावाजाही करत नाहीत. बायको श्रद्धाळू होती. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तो दाखवायला मामा तिला दरवर्षी न्यायचे. तिचे गुडघे गेल्यावर रिक्षा करून न्यायचे. ती हात जोडायची, हे तिच्या चपला धरून उभे राहायचे. ती वारली तेव्हा त्यांनी नेत्रदान केले, दहावा-तेरावा केला नाही. गल्लीला ते खटकले, पण कुणी तोंडावर बोलले नाही.

बोलायला जागा नव्हती, कारण मामांचे उपकार नसलेले घर शोधावे लागले असते. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, आणि कधी मध्यरात्रीच येते. पाणी सुटले की मामा उठणार, एकट्या राहणाऱ्या तीन म्हाताऱ्यांच्या टाक्यांत पाईप सोडणार, मग स्वतःचे भरणार. विडी कामगारांच्या कार्डाचे अर्ज, शाळेच्या शिष्यवृत्तीचे कागद, रक्त लागले तर रक्त. एकदा वहीत दोनशे रुपये जास्त निघाले. ते कुणाचे हे कळेना, तेव्हा त्यांनी सगळ्या बायकांना बोलावून वही वाचून दाखवली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून घ्या," असे ते नेहमी म्हणत. बायका हसत आणि न मोजता जात.

मी बचत गटांच्या कामानिमित्त त्या भागात जाते, म्हणून ओळख. आणि हेही सांगून ठेवते की मी स्वतः श्रावणात सोमवारी सिद्धेश्वराला जाणारी आहे. मामांच्या बाजूने मी आधीपासून उभी होते, असे कुणी समजू नये.

घटना

श्रावणातली दहा तारीख. चिठ्ठी निघाली, एका वहिनीला भिशी लागली. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिला पैसे हवेच होते. पेटी उघडली तर आत ९,००० रुपये. पंधरा हजार कमी.

कुलूप फोडलेले नव्हते. अक्कांची किल्ली देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला असते, हे गल्लीत पोरासोरांनाही ठाऊक होते. त्या आठवड्यात अक्कांच्या घरी येऊन गेलेल्यांची यादी करायला बसल्यावर ती अर्ध्या गल्लीची झाली.

रात्रीपर्यंत चार नावे कुजबुजीत आली, चारही गरिबातल्या गरीब घरांची. दुसऱ्या दिवशी अक्कांच्या दिरांनी तोडगा काढला. गल्ली त्यांना दादा म्हणते. बाळ्याहून भंडारा आणायचा, बेल ठेवायचा, आणि ज्यांचा ज्यांचा पेटीशी संबंध आला त्यांनी बेलभंडारा उचलून सांगायचे की पैसे मी घेतले नाहीत. आधी किल्लीवाले दोघे, मग बाकीच्या.

ही रीत जुनी आहे आणि ती वेडगळ आहे असे मी म्हणणार नाही. जिथे पावती नाही, कॅमेरा नाही, वकिलाला द्यायला पैसे नाहीत, तिथे लोकांनी एकमेकांना बांधून घ्यायला काहीतरी उभे केलेच पाहिजे. खोटा भंडारा उचलला तर वंश बुडतो, असे मानणारी बाई तो सहजासहजी उचलत नाही. भिशीतल्या मुस्लिम चाची म्हणाल्या, मी कुराणावर हात ठेवीन. सगळ्यांनी माना डोलावल्या. बौद्ध वस्तीतून लग्न होऊन आलेली एक सून म्हणाली, "आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, भंडारा उचलणार नाही. मी बुद्धापुढे पंचशील म्हणते." न दिलेली वस्तू घेणार नाही हे त्यातले दुसरे शील. यावर थोडी कुरकुर झाली, पण तेही चालले.

अक्कांनी अनवाणी जाऊन भंडारा आणला होता. संध्याकाळी ओट्यावर ताटली ठेवली. अक्कांनी पहिला उचलला. मग मामांची पाळी.

मामा म्हणाले, "मी उचलणार नाही."

दादा म्हणाले, "उचला की मामा. तुमच्यासाठी हळदच तर हाय ती."

मामा पुन्हा "नाही" म्हणाले आणि उठून घरी गेले. एवढेच. कारण सांगितले नाही, चिडले नाहीत. त्यांच्या मागे कुणीतरी बोलले, "ज्याला देवाचं भ्या नाही, त्याला कशाचं भ्या?" ते उभ्या गल्लीने ऐकले.

पुढच्या दोन दिवसांत हिशेबाचा प्रश्न मागे पडला. एका म्हातारीने पाण्याचा पाईप आत घेतला नाही. मामांच्या नातवाला खेळताना पोरांनी "चोराचा नातू" म्हटले. इतकी वर्षे जो स्वभाव गल्लीला चांगुलपणा वाटत होता, त्याचा आता वेगळा अर्थ लागू लागला: एवढं सगळं कशासाठी करत असतील? बायकोचा दहावासुद्धा केला नाही. तिसऱ्या दिवशी अक्कांनी मला फोन केला. त्या मामांना चोर समजत नव्हत्या, हे पहिल्या वाक्यातच कळले. त्या दुखावल्या होत्या. "मी अनवाणी गेले होते ताई," एवढेच दोनदा म्हणाल्या.

मामांचे म्हणणे

मी आधी मामांकडे गेले. दादांचा मुद्दा माझ्याही मनात होता. तुमच्या लेखी ती हळद असेल तर उचलायला जाते काय? सुनेचा, नातवाचा त्रास वाचेल. दयाळूपणाच करायचा तर हाच करा.

मामांनी दोन कारणे दिली. पहिले असे, की हळद माझ्यासाठी आहे, बघणाऱ्यांसाठी नाही. मी उचलली तर ते समजतील मी देवाला साक्षी ठेवले. मी ठेवलेले नसणार. म्हणजे चोरी केली नाही हे सिद्ध करण्यासाठी मी चोवीस जणींशी खोटे बोलायचे.

दुसरे कारण त्यांनी थोडे थांबून सांगितले. त्या आठवड्यात चार जणींनी त्यांच्याकडे भिशीतून आगाऊ उचल मागितली होती. एकीकडे आजारपण, एकीकडे दारुड्या नवऱ्याचे देणे, दोघींची कारणे त्यांनी विचारली नव्हती. चौघींनाही त्यांनी नियम दाखवला होता: पेटीतले पैसे दहा तारखेआधी हलत नाहीत. "मी उचलला असता तर मग रांग लागली असती. जिने घेतले असतील ती त्या रांगेत उभी असती. सगळ्यांसमोर कबूल तरी करायचं, नाहीतर खोटा भंडारा उचलून आयुष्यभर पोराला ताप आला की थरथरायचं. माझं काही जाणार नव्हतं ताई. तिचं गेलं असतं."

कोण असेल, असे मी विचारले. ते म्हणाले, "वाटणं आणि माहीत असणं यात फरक हाय. मला फक्त वाटतं."

मग हे ओट्यावर का नाही सांगितलेत? त्यांचे उत्तर मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी मला सांगावं लागत असेल तर सांगून काय उपयोग. यात तत्त्व कमी आणि मान जास्त होता. पहिले कारण तरी ते मोकळेपणाने सांगू शकले असते. त्यासाठी कुणाकडे बोट दाखवावे लागत नव्हते.

शपथेचा प्रश्न गल्लीबाहेर

दादांचा युक्तिवाद अडाणी होता असे मानण्याचे कारण नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९ साली धार्मिक सहिष्णुतेची बाजू मांडली, तीही नास्तिकांना वगळून. त्याचे कारण नेमके हेच होते: वचन, करार, शपथ यांचे बंधन देव न मानणाऱ्यावर राहत नाही. पुढे १८८० साली चार्ल्स ब्रॅडलॉ हा नास्तिक ब्रिटिश संसदेवर निवडून आला. त्याने देवाच्या शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या अशी मागणी केली, ती नाकारली गेली. मग म्हणाला, ठीक, शपथच घेतो. तर सभागृहाने तीही घेऊ दिली नाही, कारण तुझ्या लेखी तिला अर्थ नाही! म्हणजे आमच्या दादांनी त्या सभागृहापेक्षा जास्त मोकळीक दिली होती. ब्रॅडलॉ पुन्हा पुन्हा निवडून आला, १८८६ मध्ये त्याला जागा मिळाली आणि १८८८ साली प्रतिज्ञेची सोय करणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी तो काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईला आला होता.

आपल्याकडे १८७३ च्या शपथ कायद्यात एक कलम असे होते की पक्षकार समोरच्याला त्याच्या जातीधर्मात बंधनकारक असलेली विशिष्ट शपथ घेण्याचे आव्हान देऊ शकत असे. समोरच्याने नाकारले तर सक्ती नाही, पण नकार आणि त्याचे कारण कोर्ट नोंदवून घेई. १९६९ च्या कायद्यात ही सोय ठेवली नाही. आज कोर्टात कुणीही शपथेऐवजी प्रतिज्ञा करू शकतो. मंत्र्यांच्या शपथविधीत "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" आणि "गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो" हे दोन्ही पर्याय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतच आहेत.

हे मी अक्कांना आणि दादांना सांगितले. दादांनी एका वाक्यात निकाल लावला: "कोर्टात खोटी प्रतिज्ञा केली तर जेल हाय. हितं काय हाय?"

प्रश्न बरोबर होता. चाचींना कुराण होते, बौद्ध सुनेला पंचशील होते, अक्कांना खंडोबा होता. प्रत्येकीच्या शब्दामागे गल्लीला ओळखू येईल असे काहीतरी उभे होते. बौद्ध सूनही सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाही, तरी तिचे चालले. मामांच्या शब्दामागे फक्त मामा होते. त्यांची इतकी वर्षांची वागणूक हाच त्यांचा पुरावा, पण संशयाच्या दिवसांत वागणुकीचे दोन्ही अर्थ लागतात.

समोरचे पर्याय

मामा, अक्का, दादा, चाची आणि मी असे पाच जण बसलो. मामांना आणायला अक्का स्वतः गेल्या.

पोलिसांत जायचे, हा पर्याय दादांनी मांडला आणि थोड्या वेळाने स्वतःच मागे घेतला. चार गरीब घरांची चौकशी झाली असती, पैसे मिळाले असते याची खात्री नाही, आणि भिशीवरच प्रश्न आला असता. चिट फंड कायद्यातून सूट मिळण्याची रकमेची मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने ठरवायची असते. ही भिशी २४,००० ची.

मामांनी स्वतःच्या खिशातून पंधरा हजार भरायचे, हे खुद्द मामांनीच सुचवले. चाची ताडकन म्हणाल्या, "भरले की झालं, तुम्हीच घेतले होते असं होईल." याशिवाय दुसरा तोटा होता, तो त्या वेळी कुणी बोलले नाही. जिने घेतले तिचा परतीचा रस्ता त्याने बंद झाला असता.

शपथ पुढे चालू ठेवायची, मामांना वगळून? दादांचा कल इकडे होता. यावरच सर्वांत जास्त वेळ गेला. शेवटी अक्काच फिरल्या, आणि त्यांना फिरवले मामांच्या एका वाक्याने. मामा त्यांना म्हणाले, "अक्का, मी उचलला असता तर नाटक झालं असतं, आणि ते तुमच्या देवासमोर झालं असतं. तुम्ही अनवाणी गेलात, त्याची मला किंमत हाय म्हणूनच नाही उचलला." अक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, देवाला मधे घालायचंच नको, माणसांचं माणसांनी निस्तरू. दादा उठून गेले.

राहिले दोन मार्ग: वही सगळ्यांसमोर उघडायची, आणि ज्याने पैसे घेतले त्याला तोंड न दाखवता ते परत करण्याची वाट ठेवायची. दोन्ही करायचे ठरले.

काय केले

पुढच्या रविवारी चोवीस जणी जमल्या. वही मामांनी वाचली नाही, बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने वाचली. प्रत्येक बाईने आपल्या नावापुढची रक्कम ऐकून हो किंवा नाही म्हणायचे. दीड तासाने दोन चुका निघाल्या. दोघींचे हप्ते वहीत "आले" होते, प्रत्यक्षात "सोमवारी देते" एवढेच झाले होते. त्या दोघींनी तिथल्या तिथे सांगितले, "आम्ही दिलेच नाहीत की." वही मामांची, चूक मामांची. त्यांनी सर्वांसमोर दुरुस्ती केली आणि खाली सही केली. गायब रक्कम पंधरावरून तेरा हजारांवर आली.

मला वाटते गल्लीचे मन इथे वळायला लागले. बायकांना पहिल्यांदा दिसले की मामांची वहीसुद्धा चुकते, आणि ती तपासता येते.

मग पत्र्याचा डबा. झाकणाला चीर पाडली, कुलूप लावले, किल्ली चाचींकडे. प्रत्येकीला एकसारखे बंद पाकीट दिले आणि सांगितले, आठ दिवसांत प्रत्येकीने आपले पाकीट डब्यात टाकायचे, रिकामे असले तरी टाकायचे. मामांनी आणि दादांनीही टाकायचे. पाकिटावर खूण नाही. डबा अक्कांच्या घरी न ठेवता बालवाडीच्या खोलीत ठेवला, कारण तिथे दिवसभर ये-जा असते आणि कोण कधी गेले याकडे कुणी बघत नाही. ही कल्पना कुणाची हे मला आता आठवत नाही, बहुधा चाचींची.

मामांनी एक अट घातली: डब्यात काही निघाले नाही तरी शोध थांबवायचा, कुणाचे नाव घ्यायचे नाही. यावर तिघी-चौघी उसळल्या. एक म्हणाली, चोराला सोडायचं हे कुठलं नीतीशास्त्र? मामा म्हणाले, "चार जणींनी माझ्याकडे मदत मागितली, मी नियम दाखवला. नियम बरोबर होता. पण अडलेल्या माणसाला दुसरा रस्ता आपण ठेवला नव्हता, हेही लिहून घ्या." अट मान्य झाली, पण एकमताने नाही. दोघींनी हात वर केला नाही.

निष्पत्ती

आठ दिवसांनी डबा उघडला. पाकिटे सगळी आली होती. एकात ७,००० रुपये निघाले.

उरलेले सहा हजार चोवीस जणींनी प्रत्येकी अडीचशे प्रमाणे भरले. भिशी लागलेल्या वहिनीनेही भरले. तिला नको म्हटले तर ती रागावली. पेटीतले नऊ, त्या दोघींचे दोन, डब्यातले सात आणि हे सहा, असे चोवीस हजार तिच्या हातात पडले. मुलीचा प्रवेश तोवर उसनवारीवर झाला होता, ती उसनवारी फिटली.

दादांनी डब्यात पाकीट टाकले, पण मामांशी बोलणे सुरू केले नाही. वही वाचून दाखवण्याची पद्धत मात्र त्यांनीच उचलून धरली. नातवाला चिडवणाऱ्या पोरांपैकी एकाला त्याच्या आईने मामांकडे माफी मागायला पाठवले. मामांनी त्याला पोहे खायला घातले आणि गणित शिकवले, यातले त्याला जास्त काय जड गेले ते सांगणे कठीण.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या आसपास, बाळ्याची यात्रा चालू असताना, मामांच्या दाराखालून एक पाकीट सरकवलेले सापडले. आत ३,००० रुपये. मामांनी ते पुढच्या बैठकीत मोजून दाखवले आणि प्रत्येकीला सव्वाशे परत केले. उरलेले तीन हजार आजवर आलेले नाहीत.

यात्रेच्या दिवसांत पैसे यावेत याचा अर्थ काय लावायचा? अक्का म्हणतात, खंडोबाने आठवण केली. मी मामांना मुद्दाम विचारले. "असेल की," ते म्हणाले. "तिच्या देवानं तिला आणायला लावले असतील तर त्या देवाशी माझं भांडण नाही. पण माझ्या दाराखाली टाकले, त्याचंही काहीतरी कारण असेल." मला दोन्ही शक्यता नाकारता येत नाहीत. श्रद्धा असलेल्या बाईने पैसे घेतले आणि कदाचित श्रद्धेपोटीच परत केले. श्रद्धा नसलेल्या माणसाने घेतले नाहीत, आणि घेणारीला वाचवण्यासाठी स्वतः चोर म्हणवून घेतले. यातून आस्तिक बरे की नास्तिक बरे असा हिशेब मांडायला गेले तर वही जुळत नाही.

वेगळे काय करता आले असते

मामांच्या नकाराला दोन मिनिटांचे स्पष्टीकरण जोडले असते तर बरेच टळले असते. देव न मानणारी माणसे अनेकदा असे धरून चालतात की आपली सचोटी लोकांना दिसतेच आहे. शेजाऱ्यांना दिसतात कृती. त्यामागचे कारण दिसत नाही, आणि कारण माहीत नसले की संकटात लोक स्वतःचे कारण भरतात. श्रद्धाळू माणसाला हे सांगावे लागत नाही, त्याच्यासाठी रीत बोलते. हा अन्याय आहे, पण तो आहे हे धरून वागायला हवे. मामांनी भंडारा नाकारला त्याच क्षणी "मी माझ्या पद्धतीने सांगतो" म्हणून सर्वांसमोर प्रतिज्ञा केली असती आणि वही ओट्यावर ठेवली असती, तर निदान बौद्ध सुनेच्या रांगेत त्यांना जागा मिळाली असती. मामांना हे मान्य नाही. ते म्हणतात, प्रतिज्ञा कुणीही करतो, वही आधी उघडायला हवी होती.

किल्ली खिळ्याला टांगणे आणि चोवीस हजारांची रक्कम पेटीत ठेवणे या साध्या गोष्टी होत्या. आता पैसे गोळा होतात त्याच दिवशी तिघींच्या सहीने बँकेत जातात. वही दोघी लिहितात, एक तेलुगूत आणि एक मराठीत, आणि दर दहा तारखेला दोन्ही मोठ्याने वाचतात. आकडे जुळले की चिठ्ठी. मामांनी वही वर्षअखेर सोडली. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, त्यांनीच तसे सुचवले होते: एका माणसाच्या चांगुलपणावर भिशी चालू नये.

सर्वांत मोठा बदल अडीनडीच्या निधीचा. महिन्याला हजारावर पन्नास रुपये जास्त, म्हणजे चोवीस जणींचे बाराशे. आजारपण किंवा तशीच निकड असेल तर यातून उचल मिळते. कारण अक्का आणि चाची या दोघींनाच सांगायचे. ज्या चौघींनी मामांकडे उचल मागितली होती, त्यांच्यापैकी कुणी हा निधी वापरला का, हे मी विचारलेले नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. नव्या सभासदाने भिशीत येताना काय म्हणायचे, याचा मसुदा दोनदा झाला. पहिल्यात "देवाला स्मरून" होते, ते चाचींना आणि बौद्ध सुनेला आपापल्या कारणाने नको होते. दुसऱ्यात "माझ्या श्रद्धेला किंवा सदसद्विवेकबुद्धीला स्मरून" असे घातले. दादांच्या घरातल्या दोघींनी त्यावर सही केली नाही आणि त्या भिशीतून बाहेर पडल्या. त्यांचे म्हणणे, बुद्धीला स्मरून माणूस काहीही करतो. अक्कांनी सही केली, पण सहीच्या वर बारीक अक्षरात "जय मल्हार" लिहिले. मसुद्यात तसे लिहायला बंदी नव्हती, म्हणून तो कागद तसाच फाईलला लावला आहे.